नवरदेवाचे पाय गार पडले

माझी धाकटी जाऊ इंग्रजी कादंबरी वाचते ती पापड लाटल्यासारखी, सरसर. मी वाचते तांदळातले खडे वेचल्यासारखी. तिचं कॉलेज झालं, ऑफिसात नोकरी झाली. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी साठीनंतर शिकले, डिक्शनरी मांडीवर घेऊन, आपली आपणच. पण त्याचं कौतुक कुणाला, बाप्पा? माझी सख्खी नात, अडलेला शब्द घेऊन माझ्या दारावरून पुढे जाते, ती थेट जावेच्या खोलीत. तिच्या चपला वाजल्या की माझा जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

म्हणून जावेची वाचून झालेली कादंबरी मी मुद्दाम उचलली. त्यात लग्नाच्या दिवशी सकाळीच नवरदेवाला 'कोल्ड फीट' झालं. कोल्ड म्हणजे गार, फीट म्हणजे पाय. याला डिक्शनरी कशाला? पाय गार पडले म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. सासूबाईंचे पडले तेव्हा तळव्यांना सुंठ चोळत मीच बसले होते, आणि मारेगाव-कळंबच्या पाहुण्यांना फोन गेले होते. गेला बिचारा, अंगावर नवा कोट तसाच! मी डोळे पुसले आणि पुस्तक तिथंच मिटलं.

जेवताना नातीला सगळं रंगवून सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आज पोरगी माझी झाली.

जाऊ वरण वाढत होती. म्हणाली, "बाई, मेला नाही तो. लग्नाले भ्याला. पुढच्या पानावर स्टेशनात चहा पिऊन राह्यला."

नातीला हसता हसता ठसका लागला. "आजी, तू तं त्याले मारूनच टाकलं वं!"

मीही हसले. हसावंच लागलं. पण जावेनं वरण पुढे केलं तेव्हा ताटावर हात आडवा धरला.

पुढच्या महिन्यात नातीची यवतमाळला इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. भाषण अर्थातच जावेनं बसवून घेतलेलं. सकाळची बस गाठायची, आणि पोरगी पांघरुणातून बाहेर येईना.

"माझे पाय गार पडले," आतूनच म्हणाली.

जाऊ धावली. पांघरूण वर करून तिनं तळवे चाचपले. "माय वं! बाई, सुंठ कुठी ठेवली?"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "सुंठ कायले पाह्यजे? भ्याली ते. त्या नवरदेवासारखी."

पांघरूण हललं. आत पोरगी हसत होती. मग उठली, वेणी घालायला माझ्याच पुढ्यात येऊन बसली.

बसमध्ये तिच्या शेजारी एकच जागा होती. ती मी घेतली. जाऊ मागच्या बाकावर. वाटेत दोनदा वाकून तिनं विचारलं, भाषण आठवते का. दोन्ही वेळा नातीच्या आधी मीच सांगितलं, "आठवते तिले."