आधी थर्मामीटर

भाऊजी गेल्याचा फोन त्यांच्या शेजाऱ्याचा, पॅटचा आला. मी इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये, ऑफिसला निघाले होते. आदल्या दिवशी अँब्युलन्सने नेलं होतं, न्यूमोनिया. पॅट म्हणाला, नेताना अँब्युलन्सवाल्यांना दोन मिनिटं थांबवून ते शेडमध्ये जाऊन आले. कशासाठी, ते त्यालाही कळलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. नागपूरचे, अविवाहित. ड्रोहेडाजवळच्या एका औषध कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर लीट्रिमच्या डोंगरात, विजेची तार न पोचलेलं घर घेतलं. छपरावर सोलर पॅनेल, शेडमध्ये स्वतः जुळवलेली लिथियमची बॅटरी. ती थंडीने शून्य अंशाखाली गेलेली असताना चार्ज केली तर आतून कायमची बिघडते, आणि आपोआप थांबण्याची सोय तिच्यात नव्हती. म्हणून थंडीत ते रोज संध्याकाळी पॅनेलचा खटका बंद करत. सकाळी थर्माकोल लावलेल्या पेटीत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवत आणि आतला थर्मामीटर पाचवर आला की मगच खटका लावत.

पहिल्या हिवाळ्यात मी आणि नवरा त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. आठ दिवसांच्या ढगांनंतर सकाळी लख्ख ऊन पडलं. बाहेर सगळं गोठलेलं. भाऊजी पॅटकडे गेलेले. या देशात ऊन दिसलं की मला हातातलं काम टाकून काहीतरी वाळत घालावंसं वाटतं. एवढं ऊन फुकट चाललंय म्हणून मी शेडमध्ये जाऊन खटका लावला... बॅटरी गेली. भाऊजींनी फक्त विचारलं, "किती वाजता लावलास?" आणि वेळ वहीत लिहून ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या हिवाळ्यात बॅटरी नवी होती आणि खटक्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : आधी थर्मामीटर, मग ऊन.

डिसेंबरात फोनवर त्यांचा खोकला ऐकून मी म्हटलं, इकडे या. "थंडी सरू दे. हिला टाकून कसा येऊ?"

"बॅटरीला 'हिला' म्हणताय. बायको असती तर एवढं केलं असतं का?"

"बायकोने खटका लावायच्या आधी विचारलं असतं," ते म्हणाले आणि हसता हसता खोकत राहिले. मी आणखी आग्रह करायला हवा होता. केला नाही. असो.

त्यांच्यामागे घराचं काय, यावर आमच्यात एवढंच ठरलं : बॅटरी चांगली असेल तर ठेवायचं, गेली असेल तर विकायचं. ते गेले त्या आठवड्यात कडक थंडी आणि रोज स्वच्छ ऊन होतं. खटका लागलेला राहिला असेल, तर बॅटरीची आशा नव्हती.

तीन आठवड्यांनी गेलो. पॅटने फ्रिज रिकामा करून बंद ठेवला होता. शेडचं दार उघडलं. खटका बंद होता. ती दोन मिनिटं कुठे गेली, ते कळलं.

थर्मामीटर उणे दोनवर होता. बाहेर ऊन. नवरा म्हणाला, "लाव ना, दुपारी ढग येतील." मी ऐकलं नाही. चुलीवर पाणी तापवलं, पिशवी भरून पेटीत ठेवली आणि कोट घालून स्टुलावर बसले. पिशवी दोनदा बदलली. साडेबाराला पारा पाचवर आला, तेव्हा खटका लावला. मीटरचे आकडे चढू लागले. फ्रिज सुरू केला. ऊन डोंगरामागे गेलं तरी बॅटरीवर फ्रिजची घरघर चालूच होती.

"एजंटला फोन करायचा का?" नवऱ्याने विचारलं.

"नको."

निघताना फ्रिज आणि खटका बंद केला, पिशवी रिकामी करून खुंटीला उलटी टांगली. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, तो टेपने चिकटवला.