नवी ताई येईपर्यंत

धाकटी बहीण तापाने गेली तेव्हा तिची मुलगी दुसरीत होती. बाप गोव्यात मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला. घरी कधी येई, कधी नाही. मुलीला मी आरोंद्याला माझ्याकडे आणलं. सरकारी योजनेत तिचं नाव लागलं, म्हणून जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयातून एक ताई तिला भेटायला येऊ लागली.

ती ताई मुलीला घेऊन खाडीच्या बांधावर बसायची. दोघी काय बोलत, मला कळत नसे. एकदा निघताना ती मला म्हणाली, "वडील भेटायला आले तर भेट घडवायची घाई करू नका. तिने मला काही सांगितलंय. पुढच्या वेळी नीट बोलू."

पुढच्या वेळी दुसरीच बाई आली. पहिलीचं कंत्राट संपलं होतं. हिने मुळापासून विचारायला घेतलं. आई कशाने गेली, बाबा कुठे असतात, इथे आवडतं का. मुलीने सगळं सांगितलं. पावसाळा सरता सरता हीही गेली, तिला दुसरीकडे कायमची नोकरी लागली. तिसरीने तेच प्रश्न विचारले तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "आई मुंबईला कामाला आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्यासमोर पोरीला खोटं पाडणं माझ्याच्याने होईना.

ती गेल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंस. मुलगी पायाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मावशे, आवशीचा सांगलंय काय त्यो परत येनत नाय."

आईचं सांगितलं म्हणून ताया जात नाहीत, त्यांची नोकरीच तशी असते, असं मी समजावलं. समजावताना माझंच मला पटत नव्हतं.

दिवाळीनंतर बापाचा फोन आला, लेकीला बघायचं आहे. मी कार्यालयात फोन लावला. तिसरी ताईसुद्धा सोडून गेली होती. नवीन कोणी आल्यावर विचारा, असं उत्तर मिळालं. मग पहिल्या ताईचा नंबर शोधला. तिने मुलीची फार आपुलकीने चौकशी केली, पण मुलीने काय सांगितलं होतं ते काही सांगेना. ती आता त्या कामात नव्हती, बोलणं बरं दिसलं नसतं. फाइलमध्ये सगळं आहे, म्हणाली. ती फाइल आता कोण बघतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी मी मुलीलाच विचारलं, "बापाशीक भेटतलंस?"

"तू थंयच बसशीत तर."

तो दुपारी आला. मी तांदूळ निवडत दोघांच्या शेजारी बसून राहिले. त्याने शाळेचं विचारलं, तिने सांगितलं. जाताना त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिने मान आखडून घेतली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जायला तयार होईना. आणि त्याच संध्याकाळी विचारू लागली, बाबा परत कधी येणार. यातलं कुठलं खरं धरायचं, मला समजलं नाही.

तो अजून येतो. मी दर वेळी जवळ बसते.

आता चौथी ताई आहे. तिला मी हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "तुम्ही बरोबर केलंत." कशावरून, ते मी विचारलं नाही. तिने मुलीला हाक मारली. मुलगी आतल्या खोलीत होती. तिने ओ दिली, पण बाहेर आली नाही.