चौथी ओळ

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, यमक म्हणजे नेमकं काय? नुसतं शेवटचं अक्षर सारखं असून भागत नाही. 'मागे' आणि 'उगे' कानाला तोकडं वाटतं. 'मागे' आणि 'धागे' नीट बसतं. ओळी कोणत्या क्रमाने जुळतात, ती यमकाची रचना. ती मी कॉलेजात इंग्रजी कवितांवरून शिकले आणि नाशिकच्या स्वयंपाकघरात सासूबाईंना शिकवली.

आणीबाणी नुकतीच उठली होती. तुमचे आजोबा सातपूरला दुपारपाळीला गेले की आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साठीशांत जवळ आली होती. त्या दिवशी नवराबायको पुन्हा पाटावर बसतात आणि बायका नाव घ्यायला लावतात. एरवी सासूबाई नवऱ्याचं नाव कधीच उच्चारत नसत. उखाण्यात तेवढी मुभा.

मी सांगितलं, "आई, इंग्रजीत एक प्रकार आहे. ए, बी, बी, ए. मधल्या दोन ओळी आपसांत जुळतात, पहिलीची जोडीदारीण अगदी शेवटी येते."

"म्हणजे पहिली बिचारी दारात ताटकळत उभी?"

"हो."

"मग मला हाच दे. दोन ओळींत नाव घेऊन मोकळं व्हायला मी काय नवी नवरी आहे? ताटकळू देत जरा."

बाहेरून मामंजींनी विचारलं, "काय शिजतंय?"

"तुमचं नाव!"

"फार तिखट करू नका, सूनबाई."

आठवडाभरात तीन ओळी झाल्या:

कढीपत्त्याच्या झाडाची ओट्यावर सावली,
बाजाराच्या वाटेवर चालले मी मागे,
संसाराच्या गोधडीला घातले किती धागे,

चौथी तयार होती, पण नाव तिच्यातच होतं. "ती पाटावर बसल्यावरच," म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

साठीशांत झालीच नाही. त्याआधीच एका सकाळी मामंजी अंघोळ करून खुर्चीत बसले आणि गेले. त्यानंतर सासूबाईंना कुणी नाव घ्यायला सांगणार नव्हतं. आमच्यात तशी रीतच नव्हती.

वर्ष उलटल्यावर मेथी निवडता निवडता मी विचारलं, "आई, चौथी ओळ काय होती?"

"ज्यांना ऐकवायची ते गेले."

"मी आहे ना. मला म्हणून दाखवा."

"तुला म्हणून काय करू? लाजायचं कुणापुढे?" काड्या गोळा करून त्या उठल्या. मी पुन्हा विचारलं नाही. काही वर्षांनी त्याही गेल्या.

'सावली'शी जुळणाऱ्या ओळी मी अजून रचते. पावली, लावली, दावली. मामंजींचं नावही त्यांत बसतं. यमक चोख असतं, पण त्यातली एकही ओळ सासूबाईंची नसते.