पाचशे अक्षरांत बसेल तेवढं

चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून मी मुलीला माझा अर्ज भरायला बसवलं. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं. ऑफिसात मी पंचवीस वर्षं टायपिंगच केलं.

त्रेपन्नाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घालत होते, घरबसल्या शिकायचं. विषय, मानवी विकास आणि कुटुंब अभ्यास. मुलगी आधी हसली होती. "मम्मी, मूल वाढवून झाल्यावर कोर्स? उलटं करायचं असतं." माहितीपत्रकात पहिल्याच वर्षाला एक धडा दिसला होता, लहान मूल कोणाला आपलं मानतं यावरचा. त्या एका धड्यासाठी मी हा विषय घेतला.

अर्जात प्रश्न होता, हा अभ्यासक्रम का निवडला? उत्तर लिहिलेली वहीची दोन पानं मी तिच्या हातात दिली आणि बोंबील साफ करायला आत गेले. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हा मार्ग काढला होता.

पानांत होतं ते असं. मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिला पापडी गावी माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवलं. बहिणीने लग्न केलं नव्हतं, घरामागच्या वाडीवर तिचं भागायचं. मुलगी तिथे साडेसहा वर्षं होती. मग आम्ही आचोळ्याला फ्लॅट घेतला आणि तिला आणलं. तिने विचारलं, मला तिथे का ठेवलेलं? मी म्हटलं, मावशीला मूल नव्हतं ना, ती तुला सोडेचना. खरं तर बहीण दर महिन्याला सांगायची की पोरीला घेऊन जा, तिला आई पाहिजे. हे मुलीला कधीच कळू द्यायचं नाही, असा शब्द मी बहिणीकडून घेतला. तिने तो शेवटपर्यंत पाळला. मुलगी मावशीला 'मला पळवणारी' म्हणायची, आधी चेष्टेने, पुढे मनापासून. शेवटच्या आजारात मावशीने तिला दोनदा बोलावलं. ती गेली नाही. मीही जा म्हटलं नाही.

बाहेर कीबोर्डचा आवाज थांबला.

"हे खरंच लिहायचंय?"

मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "पाचशेच अक्षरं घेतंय. कापावं लागेल."

हात धुऊन मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नवरा जहाजावर असायचा, हे तिने काढलं. सकाळी सहाला घर सोडावं लागे, तेही काढलं. भाड्याची एक खोली, पाळणाघर नाही, सासरचं कोणी नाही. फार विचार करून लिहिलेली वाक्यं होती ती. एकेक गेलं. पाचशेच्या खाली आल्यावरही ती कापतच राहिली. शेवटी पडद्यावर एवढंच उरलं: मी माझं मूल बहिणीकडे ठेवलं आणि दोष तिच्यावर ढकलला. मुलाचं त्यात काय झालं, ते मला शिकायचं आहे.

"मावशी का गप्प बसली पण?"

"मी शब्द घेतला होता."

"म्हणजे दोघींनी मिळून," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सबमिट तू कर."

तो धडा आता वाचून झाला. रडल्यावर जे माणूस येतं त्याला मूल आपलं मानतं, असं काहीसं आहे त्यात. परीक्षेत मी ते नीट लिहिलं.

दरवर्षी मृतांच्या दिवशी मुलगी चर्चच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर थांबायची, मी एकटी आत जायचे. या नोव्हेंबरात ती मला न सांगता आधीच गेली. मी पोचले तेव्हा बहिणीच्या कबरीवर झेंडूची चादर होती आणि मेणबत्त्या अर्ध्या जळालेल्या. ती पुढ्यात उकिडवी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला पाहून थांबली, पण सरकली नाही. मी माझी फुलं हातात धरून मागेच उभी राहिले.