नकाशातल्या नांग्या

बहात्तरच्या दुष्काळात मी जामखेडच्या पलीकडच्या एका गावात सातवीला भूगोल शिकवत होतो. भूगोल, आणि जे शिकवायला कोणी तयार नसेल ते सगळं. राहायला शाळेमागची एक खोली. बायको आणि दीड वर्षाची मुलगी राहात्याला, बायकोच्या माहेरी. तिकडे कालव्याचं पाणी, ऊस, दारात पेरूची बाग. इकडे विहिरीत उतरायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. ‘दिवाळी झाली की येते,’ असं ती जाताना म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होतो.

एकट्या माणसाला सगळ्याचाच राग येतो. मला स्टोव्हचा यायचा, रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, म्हणजे मिलोच्या, चिवट भाकरीचा यायचा, आणि दुपारी शाळा सुटल्यावर गावावर जी शांतता पडायची तिचा तर फारच यायचा. पोरं समोर असली की मी बरा असायचो.

अशातच दक्षिण अमेरिकेचा धडा आला. शाळेतला नकाशा वाळवीनं केव्हाच खाल्ला होता. म्हणून मी सारवलेल्या जमिनीवर खडूनं गयाना देश काढला आणि रेशनची मिलो घेऊन दाणे मांडले. दाणे म्हणजे माणसं. किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत दाण्याला दाणा लागलेला. आत सगळं मोकळं, कुठे एखादा दाणा.

“आत जंगल आहे, मूळचे रहिवासी आहेत, पण थोडे,” मी सांगितलं. “बाकी सगळी वस्ती किनाऱ्याला. तिथे समुद्र आत येऊ नये म्हणून बांध घातलेत.”

“पानी येऊ नये म्हनून?” वर्ग खो खो हसला. गावाबाहेर काहींचे आईबाप दुष्काळी कामावर पाणी अडवायला बांध घालत होते. गुरुजी थापा मारतात अशी सगळ्यांची खात्री पटली.

मग मी सांगितलं, की तिथे सगळ्यात जास्त लोक मूळचे आपल्याच देशातून नेलेले आहेत, त्यांच्या खालोखाल आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज.

“आपले कशाला गेल्ते तिथं?”

“उसाच्या मळ्यात राबायला.”

वर्गातल्या कितीतरी जणांचे आईबाप मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला गेले होते. पुढे बसणारी एक मुलगी चुलतीकडे राहून शाळा शिकत होती. आईबाप तान्ह्या भावाला घेऊन गेलेले. तिने हळूच विचारलं, “मग ते पुना आले का न्हाई?”

“काही आले. पुष्कळ तिथंच राहिले.”

“का?”

“पुढं लिहा,” मी खेकसलो. कारण मला माहीत होतं. जिथे पोट भरतं तिथे माणूस रुळतो. पण राहात्याकडे डोळे लावून बसलेल्या मला ते तोंडानं म्हणवेना.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि मी घागर घेऊन पळालो. परत येऊन बघतो तर गयाना देशभर दाणे सारख्या अंतरावर पसरलेले. किनारा विरळ, जंगल भरलेलं.

“हे कुणी केलं?”

“मदी लई नांग्या पडल्या हुत्या गुरुजी,” ती मुलगी म्हणाली, “आमी भरल्या.”

पेरणीत जिथे बी उगवत नाही ती मोकळी जागा म्हणजे नांगी. तिथे पुन्हा बी टोचायचं असतं, हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक. “अगं, तो देश आहे, वावर नाही!” मी ओरडलो, आणि मग कितीतरी दिवसांनी पोट धरून हसलो.

“पन मोकळं बगवत न्हाई,” ती म्हणाली. मलाही बघवत नव्हतं. त्या दिवशी मी नकाशा तसाच राहू दिला.

दिवाळी गेली, बायको आली नाही. संक्रांतीला मी राहात्याला गेलो. मुलगी मला बघून रडली आणि आजोबांच्या धोतरामागे लपली. सासरे म्हणाले, “जावईबापू, तुम्हीच इकडे बदली करून घ्या.” मी तोऱ्यात नाही म्हणालो. निघताना बायको म्हणाली, “शिमगा झाला की येते. नक्की.”

माझ्या पोटात काही राहत नाही. वर्गाला सांगून टाकलं. पोरांनी खोली सारवली. त्या मुलीने घरून जुन्या लुगड्याची झोळी आणून आढ्याला बांधली. “आमचा धाकटा गेला की उसाला. रिकामीच हाय.”

शिमगा झाला आणि बायको खरंच आली. एस.टी.तून उतरली तेव्हा हातात गाठोडं होतं आणि कडेवर कोणी नव्हतं.

“बाई, बाळ कुठंय?” झोळी बांधणाऱ्या मुलीने विचारलं.

“तिकडेच ठेवलं गं. तिथे पाणी आहे.” माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. खोलीत आल्यावर झोळी दिसली. तिने ती सोडली नाही, की तिच्यात काही ठेवलं नाही. गाठोड्यातले पेरू पोरांना वाटले.

पेरू हातात धरून ती मुलगी म्हणाली, “मग बाळ पुना येनार का न्हाई?”

आता मला ‘पुढं लिहा’ म्हणता येईना.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं. आम्ही दोघं मुलीला आणायला राहात्याला गेलो. एस.टी.त बायको सारखी बोलत होती: हिला इकडची भाकरी आवडेल का, झोळीत आता मावेल का. बागेच्या फाटकाशी मुलगी खेळत होती. चांगली वाढली होती, बोलायला लागली होती. आम्हाला बघून ती थबकली आणि आत पळाली.

“आजोबा, पाव्हणे आले!” तिचा आवाज आला.

बायको चपलांसकट उंबऱ्यावर बसली.