छातीभर पाण्यातला खांब

सासरे पाण्याखाली गेले तेव्हा सूनबाईला आधी हसूच आलं. तिला वाटलं, उकडलं असेल, मारली एक बुडी. किनाऱ्यावर सगळे त्यांना खांब म्हणत, आणि खांब बुडी मारतो हे काही रोज बघायला मिळत नाही. मग त्यांची टोपी एकटीच वर आली आणि वाऱ्याबरोबर सावकाश लांब जाऊ लागली. टोपीखाली कोणी नव्हतं.

तिने हातातलं शिड सोडलं आणि ती पोहत गेली. हाताला सदऱ्याची कॉलर लागली, ती धरून तिने त्यांना वर ओढलं आणि जवळच तरंगणाऱ्या एका सर्फिंगच्या बोर्डावर पालथं घातलं. बराच वेळ ते नुसते खोकत होते.

"बाबा, पाय मारायचे ना."

"कसे?" खोकल्यातूनच त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. पण बोर्डाची कड धरलेली त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती.

"तुम्हाला पोहता येतं ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. आता नाहीचे प्रकार किती असतात?"

सूनबाईचा विंडसर्फिंगचा, म्हणजे शिड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापायचा, वर्ग होता. शिकणाऱ्याचं त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पडल्यावर पाण्यातूनच पुन्हा उठणं. उताणं पडायचं, टाचा बोर्डावर टेकवायच्या, शिड डोक्यावर धरायचं आणि वाऱ्याला म्हणायचं, आता तूच उचल मला. हे नवख्याला शिकवायला जागा नेमकी लागते. पाणी छातीइतकं हवं. कमी असलं तर डोलकाठी तळाला रुतते, जास्त असलं तर दमलेल्याला पाय टेकता येत नाहीत. खाली वाळू हवी. वारा बाजूने, एकसारखा यावा. झाडांआडून धक्के देणारा नको, आणि माणसाला आत खोलात ढकलणारा तर मुळीच नको.

अशा जागा शोधायचं काम बाबांचं. खरं तर ते आले होते फाटलेली शिडं शिवायला. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. एकदा कोणीतरी विचारलं, इथे पाणी किती असेल हो? बाबा उठले, तसेच आत चालत गेले, छातीला पाणी लागलं तिथे थांबले आणि म्हणाले, "इथपर्यंत." तेव्हापासून ते काम त्यांना चिकटलं. काठीला अस्तराची चिंधी बांधून ते वारा बघत, अनवाणी पायांनी तळ चाचपत, आणि वर्ग सुरू झाला की जिथून जमीन तुटते त्या कडेवर, खोल पाण्याकडे पाठ करून उभे राहत. सूनबाई नवख्यांना एवढंच सांगे, "खांबाच्या पलीकडे जायचं नाही."

कोणी जातही नसे. त्या दिवशी बँकेतल्या एका साहेबांचं शिड भरकटत त्यांच्या अंगावर आलं, आणि त्याला वाट द्यायला खांब एक पाऊल मागे सरकला.

सूनबाईच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. इतकी वर्षं हा माणूस रोज मरणाला पाठ लावून उभा होता आणि ती दहा हातांवरून त्याला "चहा घेणार का बाबा?" म्हणून विचारत होती.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांच्या हातातली जुडी खाली पडली.

"आई, त्यांना पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, मला वाटलं तू शिकवलं असशील. तू तर येईल त्याला धरून शिकवतेस." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. मला सांगून जायचे, गुडघाभर पाण्यात असतो म्हणून."

"गुडघा काय, छाती काय," बाबा पुटपुटले. "माझीच ना."

कोणी हसलं नाही. सूनबाई म्हणाली, "उद्यापासून पोहायला शिकायचं. नाहीतर पाण्यात पाय टाकायचा नाही."

"शिकलो की माझं काम संपलं."

"म्हणजे?"

"तुला पाणी कमरेला आहे की गळ्याला, हे कळतं का? नाही कळत. तू पोहतेस, तुला सगळं सारखंच. मला पोटापासून पुढे एकेक बोट कळतं. मागे तू ती दगडी धक्क्याजवळची जागा दाखवलीस, आठवतं?"

तिला आठवलं. वारा सुरेख, पाणी सपाट. बाबा थोडं आत जाऊन, पाणी एकदम गळ्याला लागताच परत फिरले होते आणि "इथे नको" म्हणाले होते. ती चिडली होती. आता तिच्या लक्षात आलं, त्या दिवशी तिने ती जागा पोहून बघितली होती. पाय टेकवून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. आणि नवखे तिथे तिच्या शब्दावर उतरणार होते.

"मग लाइफ जॅकेट घालायचं," ती शेवटी म्हणाली. "यावर वाद नाही."

दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हता. नारिंगी जॅकेट घालून ते तिच्या पुढे चालत आत गेले. सवयीने चाचपत, चिंधीकडे बघत. पाणी छातीला लागलं आणि जॅकेटने त्यांना अलगद वर उचललं. पाय सुटले. त्यांनी तिचं कोपर असं घट्ट धरलं की वळ उठले. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं.

"जमीन कुठे गेली?"

"आहे तिथेच आहे, बाबा. तुम्ही वर आलात."

ते तसेच तरंगत राहिले. हातापायांची हालचाल नाही. मग त्यांनी तिच्या कोपराला धरून स्वतःला किनाऱ्याकडे ओढलं, अंगठा खाली टेकेपर्यंत, आणि तिथे दोन्ही पाय रोवले.

"खांब इथे," ते म्हणाले. "काल मी फार पुढे उभा होतो. कोणाला सांगू नकोस."