चार दिवस तरंगणारं घर

माझा नवरा एसटीत झोपायला जातो, हे मला कंडक्टरनं सांगितलं. मी रोह्याच्या स्टँडवर उभी होते, खांबला भावाकडं निघालेली, तर हा समोर येऊन म्हणतो, "काकी, आज काका नाय आले? खिडकीची सीट ठेवलीय त्यांची." मी म्हटलं, कसली सीट? तेव्हा सगळं बाहेर आलं. निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी चहा घेऊन "जरा येतो" म्हणून निघायचे, ते रोहा-पेण गाडीत बसायचे. नागोठणं यायच्या आत मान टाकायची. पेणला उतरायचं नाही, त्याच गाडीनं घोरत परत यायचं. आणि मी इकडं दोन महिने काय काय शंका घेत होते, ते आता सांगायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागं, पलीकडच्या रांगेतल्या सीटवर जाऊन बसले. वाटलं होतं, चांगली कानउघाडणी करायची. पण काय बघितलं? रस्त्यातल्या खड्ड्यांनी गाडी डावी-उजवीकडं डुलतेय आणि हे तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपलेत. एवढा निवांत चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला. मी ह्यांना न उठवता वडखळला उतरले आणि दुसऱ्या गाडीनं परत आले.

ह्यांचं सगळं आयुष्य बार्जवर तांडेल म्हणून, मालाची होडी चालवण्यात गेलं. समुद्रात उभ्या जहाजावरून माल भरायचा, धरमतरच्या धक्क्यावर आणून उतरवायचा, पुन्हा जायचं. महिन्यातले पंचवीस दिवस पाण्यावर, पाच दिवस घरी. घरी आले की रात्रभर कूस बदलायचे, पण पाच दिवसांचाच प्रश्न, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. निवृत्तीनंतर विचारलं तर म्हणाले, "जमीन हलतच नाय गो, झोप लागायची कशी?" मला वाटलं, थट्टा करतायत.

त्यातच आमच्या चाळीच्या मालकानं सांगितलं, चाळ पाडायची आहे, दिवाळीपर्यंत खोली मोकळी करा. आमच्याकडं ह्यांचा फंडाचा पैसा होता, तोही गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उरलेला. तेवढ्यात गावाबाहेर एक वन रूम किचन बसत होतं. मी ते बघूनही आले होते. माझं शिलाई मशीन कुठल्या खिडकीखाली राहील, हेसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं. पैसे एकदाच खर्च होणार होते. चूक झाली तर दुसऱ्यांदा घर घ्यायची आमची ऐपत नाही आणि वयही नाही.

आणि एके दिवशी हे मोबाईल पुढं करून म्हणतात, "ही बघ. हाऊसबोट." कुणी मुंबईवाल्यानं पर्यटकांसाठी घेतलेली, दोन-चार सीझनमध्ये कंटाळलेला. लाकडी, वर पत्रा, दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. जुनी, म्हणून आपल्याला झेपणारी. मी म्हटलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? होडीत कुणी संसार करतं? ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बघायला काय जातंय?" तो एसटीतला चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी, बोंबला, हो म्हणून बसले.

आता खरं सांगते. मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही. मी खांबची. भाताची, वालाची माणसं आम्ही, पाणी आम्हाला बांधापुरतंच माहीत. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघाले, तेव्हा खाडी ओलांडायला 'तर' असायची, म्हणजे माणसं नेणारी होडी. मधोमध ती जरा कलली आणि मी हाताला लागेल ते गच्च धरून बसले. त्यानंतर मी होडीत पाय ठेवला नाही. पण हे ह्यांना कधी बोलले नाही. तांडेलाची बायको आणि पाण्याला भिते, लोक हसले असते. मी सांगायचे, मला उलटी होते. डबा घेऊन धरमतरला जायचे तेव्हाही मी धक्क्यावरच उभी. हे वरून दोरीला पिशवी बांधून सोडायचे, मी डबा ठेवायचे, हे वर ओढून घ्यायचे. वर ये म्हणून ह्यांनी एकदाही आग्रह केला नाही. मला तेव्हा त्याचाही रागच यायचा.

तर आम्ही बोटी बघायला लागलो. पहिली होती धरमतरजवळ, खोल पाण्यात. नवीन रंग दिलेली, आत कपाटं, किंमत त्या मोबाईलमधल्या जुन्या बोटीएवढीच. मला काठावरूनच दिसत होतं की चीज चांगली आहे. हे आत गेले, फिरले, बाहेर आले आणि म्हणाले, "नको." का नको? "नको म्हणजे नको." मला सुटल्यासारखंही वाटलं आणि संतापही आला. पाण्यावर राहायचं म्हणून माझा जीव खाणारा माणूस, चांगली बोट पाण्यावर उभी आहे तर नको म्हणतो. ह्याला म्हणावं तरी काय?

मग मोबाईलमधली. ती खाडीच्या एका फाट्यात, पार टोकाला होती. हे भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "अष्टमीला जाऊ." मी म्हटलं, मुहूर्त बघायला तुम्ही कधीपासून लागलात? स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त ह्या माणसानं बार्ज उशिरा लागली म्हणून चुकवला होता. तेवढ्यात विकणाऱ्याचा फोन. तो म्हणतो, अष्टमीला नको, अवसेला या. मी भावाला फोन लावला. भाऊ ओरडला, "अमावास्येला घर बघायला जातात का कधी? कोण हा माणूस?" त्यानं गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, अष्टमीही मध्यमच, त्यापेक्षा दशमी धरा. दोन दिवस आमच्याकडं नुसता तिथींचा गोंधळ. ह्यांनी मात्र अष्टमीचा हट्ट सोडला नाही. मी कंटाळून म्हटलं, चला बाई एकदाचे.

गेलो तर काय? समोर पाणीच नाही. नुसता काळा चिखल आणि त्यात म्हैस बसावी तशी ती बोट बसलेली. विकणारा तिथलाच, चाळिशीचा, मालकाच्या वतीनं व्यवहार बघणारा. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काकी, म्हणून तर अवसेला या म्हटलं. अष्टमीला भांग असते, भरतीचं पाणी इथवर चढत नाय. अवस-पुनवेला उधाण. तेव्हा मागंपुढं धरून चारेक दिवस ही उठते. येरवी बसलेलीच." तिथी म्हणजे पाण्याचं वेळापत्रक, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. गुरुजींना तरी कुठं माहीत होतं?

हे मात्र खुशीत. चपला काढल्या, गुडघाभर चिखलात उतरले, एका एका फळीवर बोटांनी ठकठक केली, चाकूचं टोक खुपसून बघितलं. "तळ चांगला हाय," म्हणाले. काठावरून बोटीवर एक रुंद फळी टाकलेली होती. मी त्या फळीवरून आत गेले. गेले, खिडक्या मोजल्या, मशीन कुठं ठेवायचं ते बघितलं, मोरीची जागा बघितली आणि बाहेर आले. मी त्या फळीवरून कशी गेले, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

परत येताना एसटीत मी ह्यांना सोडलं नाही. "तुम्हाला झोपायला डुलणारी जागा हवी ना? मग तरंगणारी सोडून ही चिखलातली कशाला? महिन्याचे आठ दिवस उठणार, बाकीचे दिवस काय आपण बोटीत बसून जमिनीवर राहायचं? मग ते वन रूम किचन काय वाईट होतं?" हे ऐकत होते की नाही, कोण जाणे. नागोठण्याच्या आधीच मान टाकली. मी हात टेकले.

तरी मी सही केली. का केली, हे मला आजही धड सांगता येत नाही. ह्या माणसानं चाळीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, एवढंच कारण असेल. भाऊ महिनाभर बोलला नाही. कागदपत्रांत तर आणखी घोळ. ग्रामपंचायतीत विचारलं, घरपट्टी लागणार का, तर तिथला क्लार्क म्हणाला, हिला पाया कुठं आहे, ही होडी. बंदराच्या ऑफिसात गेलो तर तिथले म्हणाले, इंजिन नाही, जागेवरून हलत नाही, हे घर. आम्ही दोघं बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. आपण नक्की घेतलं तरी काय, ते दोघांनाही सांगता येईना.

दिवाळी उरकली आणि टेम्पो करून सामान आणलं. बोट बसायची तेव्हा एका अंगाला कलायची. माझी दोऱ्याची रिळं सगळी घरंगळून एका कोपऱ्यात. ह्यांनी गावातले दोन गडी घेतले आणि चार दिवस चिखलात खपून बोटीच्या खाली दोन्ही बाजूंनी लाकडं रचली, आता कधीही बसली तरी सरळच बसणार अशी. मी म्हटलं, एवढा आटापिटा कशाला? तर म्हणे, "तुझं मशीन सरळ चालायला नको?"

ती दशमी असेल. विकणारा शेवटचा कागद द्यायला आला, चहा प्यायला आणि सहज बोलून गेला, "काकी, तुमचे काका लई अजब माणूस. मी म्हटलं, पुढच्या उधाणाला पन्नास हात पुढं ओढून खोलात लावून देतो, एक पैसा नको. बारा महिने तरंगली असती. ऐकतच नाय. हितंच पायजे म्हणाले."

माझं डोकंच फिरलं. तो फळीवरून पलीकडं गेला न गेला तोच मी सुरू झाले. "फुकट पाण्यात लावून देत होता आणि तुम्ही नाही म्हणालात? चार पैसे होते ते सगळे घातले, घर सोडलं, भाऊ दुखावला, कशासाठी? चिखलात बसायला? तुमच्या मनात आहे तरी काय, एकदा सांगून टाका!"

हे खिडकीची बिजागरी बसवत होते. पेचकस खाली ठेवला. डाव्या हाताची बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "बग. आता खूण नाय. पण लय दिवस व्हती."

मला कळेना. "कसली खूण?"

"तुझी नखं. तरीत. होडी कलली तवा." मग बाही खाली केली. "उलटी होते म्हने. चाळीस वर्सं मी तांडेल व्हतो गो. कोण उलटीला घाबरतंय आन् कोण पान्याला, तेवडं मला कळत नाय व्हय?"

चाळीस वर्षं मी ज्याला फसवत होते, तो फसलाच नव्हता. दोरीला पिशवी बांधून सोडणारा तो माणूस मला वर बोलवत नव्हता, आणि मी त्याचाच राग धरून बसले होते. मला रडूही आलं आणि चीडही आली, दोन्ही एकदमच.

मग ह्यांनी मला कॅलेंडर दाखवलं. अवस आणि पुनव, दोन्हींच्या मागंपुढं पेनानं गोल केलेले. मला ते आधीच दिसले होते. मला वाटलेलं, दुधाचे असतील. "ह्या चार दिवसांत ती उठते," हे म्हणाले. "तवा तू खांबला भावाकडं जा. मी झोपून घेतो पोटभर. बाकीचे दिस ती तुझी, खाली घट्ट. महिन्यातून आठ दिस झोप मला बास झाली. एसटीत तरी कुठं जास्त मिळत व्हती?"

पुनवेला मी पिशवी भरली. दोन साड्या, चष्मा, भावजयीसाठी वालाचं बिरडं. अकराची गाडी धरायची म्हणून सकाळीच स्वयंपाक उरकला. ह्यांना वाढलं. जेवून हे खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "नीग आता, पाणी यायला लागलं." मी फळीपाशी गेले. खाली काळ्या चिखलावर पाण्याचा एक पातळ पदर पसरत होता, आवाज न करता. फळी अजून कोरडी होती. दोन पावलांत मी काठावर गेले असते.

मी परत आत आले. का आले, विचारू नका. एवढी वर्षं हा माणूस झोपतो तेव्हा दिसतो कसा, ते मी फक्त एसटीत बघितलं होतं, आणि पहिल्यांदा तर मागच्या सीटवरून, चोरून.

बाराच्या सुमारास खालची लाकडं करकरली. मग मशीनवरचं एक रीळ आपोआप घरंगळलं, थांबलं आणि परत आलं. मी खाटेची पट्टी पकडली. घर उठलं होतं. मला ओरडायचं होतं, ह्यांना हलवून उठवायचं होतं, पण हे तोंड उघडं टाकून घोरत होते आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर ह्यांचं डोकं उशीवर जरासं इकडं, जरासं तिकडं होत होतं. माझा हात आपसूक ह्यांच्या मनगटावर गेला. नखं लागू नयेत म्हणून मी मूठ सैल ठेवली आणि ओहोटी लागेपर्यंत तशीच बसून राहिले.